चित्र आपले, मग पैसा कोणाचा?

मंडळी, भातकापणी उरकली की आपल्याकडची कितीतरी कुटुंबे वीटभट्टीची वाट धरतात. घरबसल्या चार पैसे देणारे काम मात्र आपल्याच भिंतीवर आहे. तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नाचा चौक, तारप्याचा नाच आता साडी-कुर्त्यावर आला. त्याच रंगाच्या मण्यांची माळ हाताने ओवली की पोशाखाचा जोड तयार. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत धावते, म्हणजे पालघर-बोईसरहून मुंबईचे गिऱ्हाईक हाताशी.

अडचण भावाची. यंत्र तेच चित्र हजारो मीटर कापडावर छापते. स्वस्ताईत आपली बाई त्याच्याशी कशी टिकणार? तिने हातकामाचाच भाव मागावा. पण हातकाम ओळखायचे कशावरून?

गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन. पण कलेला मान मिळाला म्हणून तुमचे नाव आपोआप लागत नाही. 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून चेन्नईच्या कार्यालयात नोंद करावी लागते. २०२० साली तिचे शुल्क १० रुपयांवर आणले गेले. ध्यानात ठेवा, मानांकन चित्राचे आहे, माळेचे नाही. माळ जोडीने विका, पण तिच्यावर ते नाव लावू नका.

सरपंच, ग्रामसेवकांनो, परंपरा जपण्याचा अधिकार १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला दिलाच आहे. येत्या ग्रामसभेत चित्रे काढणाऱ्यांची यादी करा, बचत गटाकडून अर्ज भरून घ्या. नाहीतर चित्र आपले आणि पैसा छापणाऱ्याचा, हे असेच चालायचे.