रक्त चढवण्यापेक्षा वाचवलेले बरे

इनामगावच्या एका भगिनीने पत्रातून विचारले आहे, ‘मला स्तन लहान करण्याचे ऑपरेशन सांगितले आहे. घरचे म्हणतात, त्यात फार रक्त जाते. किती बाटल्या तयार ठेवाव्यात?’ या विषयावर बायका आपसातही कुजबुजत बोलतात, म्हणून त्यांच्या धीटपणाचे आधी कौतुक.

इनामगाव म्हटले की मला घोड नदीकाठचे उत्खनन आठवते. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात ते केले. त्यात तीन हजार वर्षांपूर्वीची मातीची एक स्त्रीमूर्ती मिळाली, मोठ्या स्तनांची आणि शिर नसलेली. तिला मानच नाही, तेव्हा मानदुखी कुठली! जिवंत बाईचे तसे नसते. कांदा खुरपायला वाकले की हा भार मान, खांदे, पाठ ओढत राहतो. ब्रेसियरच्या पट्ट्यांचे वळ उठतात, उन्हाळ्यात स्तनाखालची कातडी घामाने सोलवटते. अशा बाईला ‘नटीसारखे फॅड’ म्हणून हिणवणाऱ्यांची मला चीड येते.

आता बाटल्यांविषयी. बहुतेक स्त्रियांना या ऑपरेशनमध्ये रक्त चढवावे लागतच नाही. स्तनाला रक्तपुरवठा भरपूर आणि चीर लांब, म्हणून रक्त जाते हे खरे; परंतु ते आटोक्यात ठेवता येते. चीर देण्यापूर्वी पातळ केलेले ऍड्रिनॅलिन टोचतात. त्याने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, मात्र काही मिनिटे धीर धरावा लागतो. नंतर दिसेल ती वाहती शीर विजेच्या उपकरणाने बंद करतात. टाके घालण्यापूर्वी रक्तदाब नेहमीच्या पातळीवर आणून पुन्हा एकदा सर्व पाहणे महत्त्वाचे असते; दाब उतरलेला असताना गप्प बसलेली शीर दाब चढताच वाहू लागते. जखमेतील नळीवर मात्र फार भिस्त ठेवू नये. ती रक्त बाहेर काढते, थांबवत नाही.

अलीकडे ट्रानेक्झामिक ऍसिडही वापरतात. पाळीत अंगावरून जास्त जाते तेव्हा देतात, तेच हे औषध. जपानमधील उताको ओकामोटो आणि त्यांचे पती शोसुके यांनी १९६२ साली ते जगापुढे आणले. रक्ताची धरलेली खपली ते लवकर विरघळू देत नाही. ज्यांच्या पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात पूर्वी गुठळी झाली असेल, त्यांनी ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये.

हे सारे सर्जनच्या हातातले. माझ्या मते खरी बचत त्याआधी घरी व्हायला हवी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शंभरातील ५४ स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. हिमोग्लोबिन तेरा असलेल्या बाईला जे रक्त जाणे सहज पेलते, तेच नऊ असलेलीला झोपवते. हे ऑपरेशन काही तातडीचे नाही. तेव्हा दोन-तीन महिने थांबा, लोहाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या आणि त्या चहाबरोबर मुळीच नकोत. लिंबू पिळलेले पाणी चालेल. पाळीत जास्त जात असेल तर त्याचा इलाज आधी करा. तळाला भोक असलेल्या घागरीत पाणी ओतून काय उपयोग?

पाठदुखीसाठी दुकानातून आणून घेतलेल्या गोळ्यांची नावे डॉक्टरांना सांगा. ऍस्पिरिनसारख्या गोळ्यांनी रक्त गोठायला वेळ लागतो. हृदयविकारासाठी त्या चालू असतील तर मनाने बंद करू नका. मिश्रीचा प्रश्न निराळा. तिच्यातील निकोटिनने कातडीचा रक्तपुरवठा घटतो आणि जखम चिघळते. निदान महिनाभर आधी ती सोडलीच पाहिजे, आणि जखम भरेपर्यंत डबी घरात नसलेली बरी.

रक्तगट तपासून ठेवावा, एवढी तयारी पुरे. बाटल्यांसाठी धावपळ करणाऱ्या घरच्यांनी त्याऐवजी ऑपरेशननंतर पहिली रात्र उशाशी जागून काढावी. एक बाजू दुसरीपेक्षा भराभर फुगू लागली, ताठ झाली, ठणकू लागली, तर आत रक्त साचत असण्याची शक्यता असते. मग सकाळची वाट न पाहता लगेच नर्सला उठवावे.