शिष्टाई आणि पंगत

परदेशी राष्ट्रप्रमुख पाहुणा म्हणून आला की त्याला काय आवडते आणि त्याच्यासाठी काय रांधले, याची साग्रसंगीत वर्णने वर्तमानपत्रांत येतात. करारातील कलमे आतल्या पानावर जातात. अभ्यासू मंडळी असल्या मजकुराकडे तुच्छतेने पाहतात. आमचे मत थोडे वेगळे आहे. पंगतीची वर्णने अवश्य वाचावीत. मात्र त्यांत नेत्याची आवड शोधत बसण्यापेक्षा त्याने ती कोठे आणि कशासाठी बाजूला ठेवली, हे पाहावे.

अन्न आणि शिष्टाई यांचा संबंध आपल्या वाङ्मयाला नवा नाही. उद्योगपर्वात पांडवांचा दूत म्हणून हस्तिनापुरास गेलेला कृष्ण दुर्योधनाचे भोजनाचे निमंत्रण नाकारतो. त्याची कारणे मोठी मार्मिक आहेत. दूताने कार्य सिद्धीस गेल्यावरच जेवावे, हे एक. दुसरे असे की, परक्याचे अन्न प्रीतीपोटी खावे किंवा आपत्तीत सापडल्यावर खावे. येथे दोन्ही नाही. पुढे तो विदुराकडे जेवतो, आणि लोकपरंपरेने त्या जेवणाला दिलेल्या कण्या आपल्या भाषेत कायमच्या रुजल्या. अन्न स्वीकारणे म्हणजे नाते स्वीकारणे, हे या प्रसंगात गृहीतच धरलेले आहे.

आधुनिक मुत्सद्देगिरीने यात तिसऱ्या कारणाची भर घातली: जगाला दिसावे म्हणून जेवणे. २१ फेब्रुवारी १९७२ रोजी बीजिंगच्या लोकसभागृहात अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना दिलेली मेजवानी हे त्याचे ठळक उदाहरण. निक्सन यांची स्वतःची आवड अगदी बेताची. ऑगस्ट १९७४ मध्ये राजीनाम्याच्या वेळी त्यांच्यापुढे आलेल्या जेवणाचे छायाचित्र उपलब्ध आहे; त्यात अननसाच्या चकत्या, कॉटेज चीज आणि पेलाभर दूध एवढेच दिसते. हाच गृहस्थ बीजिंगमध्ये चॉपस्टिक्सने जेवत होता आणि ते दृश्य उपग्रहाद्वारे थेट अमेरिकेतील घरांत पोहोचत होते. माओताई ही ज्वारीपासून गाळलेली जहाल दारू. शुभेच्छांच्या वेळी अध्यक्षांनी ती प्रत्यक्ष पिऊ नये, असा निकराचा इशारा पूर्वतयारीसाठी जाऊन आलेल्या अलेक्झांडर हेग यांनी तारेने दिला होता. तरीही पेले उंचावले गेले, ओठांना लागले. हूनानी तिखटाचे भोक्ते माओ या मेजवानीला नव्हतेच. त्यांनी दुपारी पाहुण्यांना सुमारे तासभर भेट दिली आणि पंगत चौ एन-लाय यांच्यावर सोपवली.

चौ यांना पंगतीचे मर्म पुरते उमगले होते. जुलै १९७१ मध्ये हेन्री किसिंजर गुप्तपणे बीजिंगला गेले, तेव्हा चौ यांनी अमेरिकी धोरणावर कठोर शब्दांत दीर्घ टीका केली. किसिंजर मुद्देसूद उत्तर देऊ लागले, तोच चौ यांनी त्यांना थांबवले: आधी जेवून घेऊ, नाहीतर बदक गार होईल. जेवणानंतर बोलण्याचा सूर निवळला होता, असे किसिंजर यांनी आत्मवृत्तात नोंदवले आहे. मतभेद मिटवण्याची शक्ती त्या बदकात नव्हती. निक्सन-भेटीच्या अखेरीस निघालेल्या शांघाय निवेदनातही दोन्ही देशांनी आपापली भिन्न मते वेगवेगळी मांडली, आणि राजनैतिक संबंध प्रस्थापित व्हायला १ जानेवारी १९७९ उजाडला. जेवणाने मिळाला तो अवकाश. भांडण न मिटताही एका टेबलाशी बसता येते, एवढेच त्याने सिद्ध केले. आणि तेही थोडे नव्हते.

येथेच थांबलो तर आमचे वाचन अपुरे राहील. किसिंजर बीजिंगला गेले ते पाकिस्तानातून, पोट बिघडल्याचे सोंग करून. प्रकृतीला आराम हवा म्हणून ते नथियागलीला गेले आहेत, असे जगाला सांगण्यात आले. ही युक्ती आजही कौतुकाने सांगितली जाते. पण ज्या याह्याखानांच्या मदतीने हे सोंग वठले, त्यांचेच लष्कर त्या वेळी पूर्व पाकिस्तानात कत्तली करीत होते. तेथून भारतात आलेल्या निर्वासितांची संख्या १९७१ च्या अखेरीस सुमारे एक कोटीवर गेली. छावण्यांत पटकीने माणसे मरत होती. त्यांच्या पोटाचे दुखणे सोंगाचे नव्हते. मध्यस्थ दुखावू नये म्हणून वॉशिंग्टनने याह्याखानांना उघड बोल लावणे टाळले. यजमान देशातही १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात कोट्यवधी माणसे अन्नावाचून मेली होती, आणि त्याची जाहीर वाच्यता तेथे होत नव्हती.

साहित्याच्या वर्गात आपण विद्यार्थ्यांना सांगतो की संहितेत जे आले नाही, तेही वाचावे. मेजवानीच्या वर्णनालाही आम्ही हाच निकष लावू. शत्रूसमोर बसून त्याचे अन्न खाणे हा युद्धापेक्षा केव्हाही बरा मार्ग आहे, याविषयी आमच्या मनात शंका नाही. पण त्या पंगतीची किंमत तिच्यात पान न मांडलेल्या कोणी मोजली, हा प्रश्न पदार्थांच्या यादीपाशी थांबणाऱ्या वाचकाला पडत नाही. दुर्योधनाच्या पाकशाळेत काही कमी नव्हते. कृष्णाने पाहिले ते त्या अन्नामागचे मन आणि सभेत अपमानित झालेली द्रौपदी. असा नकार प्रत्येक दूताला परवडणार नाही. वाचकाला मात्र तो प्रश्न विचारण्यापासून कोणी अडवलेले नाही.