शाळेचा आठवडा मोडला की पोराचं वर्ष मोडतं

गावचा आठवडी बाजार कोणत्या वारी भरतो, हे परगावच्या माणसाला कुणाला विचारायची गरज नाही. त्यानं जिल्हा परिषदेच्या शाळेत जावं आणि हजेरीपत्रक उघडावं. ज्या वारी गैरहजेरीच्या खुणा जास्त, तो बाजाराचा वार. कुणी आईबरोबर भाजीची पाटी घेऊन गेलेलं, कुणी धाकट्या भावंडाला राखत घरी बसलेलं, कुणी नुसतंच भजी खायला बापामागं गेलेलं. ‘एका दिवसानं काय होतंय?’ असं आपण म्हणतो आणि विषय सोडून देतो. आज त्या एका दिवसाचा हिशोब मांडू या.

शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरली पाहिजे असं ठरवलं आहे. सहा दिवसांचा आठवडा धरला तर हे झाले साधारण ३३ आठवडे. दर आठवड्याला बाजाराचा एक दिवस बुडाला तर वर्षाला ३३ दिवस गेले. पहिली ते चौथी या चार वर्षांत १३२ दिवस. म्हणजे कायद्याच्या मापानं निम्म्याहून जास्त वर्ष पोरगं शाळेत गेलेलंच नाही. प्रगतिपत्रकावर मात्र चौथी पूर्ण! यात सुगी, लग्नसराई, जत्रा आणि आजारपण अजून धरलेलंच नाही.

एकेका दिवसाचा सांधा

पण नुकसान नुसत्या दिवस मोजण्यानं कळत नाही. आपल्या वेळी मास्तर धडा वाचून दाखवायचे, आपण पाटीवर उतरवून काढायचो. एक दिवस चुकला तर शेजाऱ्याच्या वहीवरून उतरवलं की भागलं. आता पहिली-दुसरीचं शिकवणं बऱ्याच ठिकाणी हातानं करून पाहण्यावर आलं आहे. त्यात सोमवारचं काम मंगळवारच्या कामाला जोडलेलं असतं.

दुसरीच्या वर्गातलं गणितच घ्या. सोमवारी गुरुजी काड्या वाटतात. पोरं दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधतात. सत्तेचाळीस म्हणजे चार जुड्या आणि सात सुट्या, हे डोळ्यांनी दिसतं, हाताला कळतं. मंगळवारी बेरीज. सत्तावीस आणि पंधरा एकत्र केले. सुट्या काड्या झाल्या बारा, त्यातल्या दहांची नवी जुडी बांधली, दोन उरल्या. एकूण चार जुड्या, दोन सुट्या, म्हणजे बेचाळीस. हातचा म्हणतात तो हाच. बुधवारी वजाबाकी. बेचाळिसातून पंधरा द्यायचे, पण सुट्या काड्या दोनच, म्हणून एक जुडी सोडायची. गुरुवारी हेच वहीत आकड्यांनी मांडायचं. शुक्रवारी दुकान-दुकान खेळायचं; कागदाच्या नोटा द्यायच्या, सुटे परत घ्यायचे.

आता बाजार मंगळवारचा असेल तर काय होतं? बाजाराला गेलेलं पोरगं बुधवारी वर्गात येतं आणि बघतं की सगळे जुड्या सोडतायत. ज्यानं सुट्या काड्यांची नवी जुडी बांधताना पाहिली नाही, त्याला ती सोडताना काय उमगणार? ते शेजाऱ्याचं बघून उत्तर लिहितं. शुक्रवारच्या खेळात सुटे देताना चुकतं, पोरं हसतात, आणि पुढच्या आठवड्यात ते स्वतःहून मागच्या रांगेत जाऊन बसतं. भाषेचंही तसंच. सोमवारी चित्रावर गप्पा, मंगळवारी त्याच गप्पांतले शब्द फळ्यावर, मग शब्दातलं अक्षर, मग पोरांनी स्वतः केलेली वाक्यं, शेवटी दोघादोघांनी मिळून छोटं पुस्तक वाचणं. मधली पायरी निसटली की पोरगं अक्षर ओळखतं, पण वाचत नाही.

आपल्या बऱ्याच वाड्यावस्त्यांवरच्या शाळा दोनशिक्षकी आहेत. एका गुरुजींकडे दोन-दोन वर्ग, आणि दुसरे प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेले की चारही वर्ग एकाच्याच गळ्यात. बुधवारी सात-आठ पोरांना मंगळवारचं पुन्हा शिकवायचं तर बाकीच्यांना काही तरी लिहायला देऊन गप्प बसवावं लागतं. म्हणजे तुमचं पोरगं बाजारात आणि खोळंबा शेजारच्याच्या पोराचा. शाळेची पाळी चुकणं हे पाण्याची पाळी चुकण्यासारखं आहे. आपल्या एकट्याचंच वाफं कोरडं राहत नाही, पुढच्याचंही गणित बिघडतं.

पाचवीच्या बांधावर

‘नापास तर करतच नाहीत, मग कशाला चिंता?’ असं म्हणणारे पालक अजून भेटतात. त्यांच्या कानावर एक गोष्ट घातली पाहिजे. २०१० साली शिक्षण हक्क कायदा लागू झाला तेव्हा आठवीपर्यंत कुणाला मागे ठेवायचं नाही अशी तरतूद होती. २०१९ साली केंद्रानं त्यात दुरुस्ती केली, आणि आपल्या राज्यात २०२३-२४ या वर्षापासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आली. नापास झालं तर पुन्हा एक परीक्षा, आणि तीही सुटली नाही तर पोरगं त्याच वर्गात राहतं. चार वर्षं जे झाकलं गेलं ते पाचवीच्या बांधावर उघडं पडतं. तिथं पोरगं अडलं की दोष त्याच्या डोक्याला दिला जातो. चूक मात्र बऱ्याचदा दुसरीतल्या मोडक्या आठवड्यांची असते.

ही काही एकट्या आपल्या तालुक्याची गत नाही. देशभरच्या ग्रामीण भागाची ‘असर’ ही पाहणी २०२४ साली झाली. पाचवीतल्या शंभर मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुलं जेमतेम ४९ निघाली. तिसरीतल्या शंभरांपैकी वजाबाकी येणारी सुमारे ३४. दोन वर्षांपूर्वीच्या पाहणीपेक्षा हे आकडे बरे आहेत, हेही सांगितलं पाहिजे. केंद्रानं २०२१ साली ‘निपुण भारत’ सुरू केलं. २०२६-२७ पर्यंत तिसरी संपवणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधा हिशोब यावा, हे त्याचं उद्दिष्ट. पण दिल्ली-मुंबईत उद्दिष्ट ठरलं तरी ते गाठायचं मंगळवारी, तुमच्या गावच्या वर्गात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

‘पोरं नुसती खेळत्यात’

दुसरी बाजूही पाहू. पालकांची तक्रार असते, ‘वही कोरी, दप्तर हलकं, शनिवारी तर दप्तरच नाही. पोरं नुसती खेळत्यात, मग पाठवून काय करू?’ राज्य शासनानं २०२४ साली पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आणला. त्यात योग, आरोग्याच्या सवयी, रस्त्यावरची सुरक्षितता, खेळ, गाणी असं येतं. कल्पना वाईट नाही. काड्या मोजणं हा खेळ नसून गणित आहे, हे वर पाहिलंच.

पण सगळा दोष पालकांच्या माथी मारून चालणार नाही. कृती कधी कधी फोटोपुरती होते. आज हा दिन साजरा करा, उद्या तो सप्ताह, फोटो काढा, वर पाठवा. गुरुजींचा अर्धा दिवस मोबाइलमध्ये जातो आणि काड्यांची जुडी कपाटात राहते. कायद्याच्या कलम २७ नं शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज दुसऱ्या अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. पण कागद भरण्याच्या कामाला अशैक्षणिक म्हणायचं कुणी? ज्या आठवड्यात फोटो भरपूर आणि वाचन शून्य, तो आठवडाही मोडलेलाच. मग मोडणारा पालक असो की खातं.

या बाबतीत आपल्याच मातीतलं एक उदाहरण आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम सुरू केलं, पुढं ते कोसबाडला नेलं. तेव्हाचा तो ठाणे जिल्हा, आताचा पालघर. गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. मुलाचं काम काय, त्याचा दिवस कसा जातो, हे पाहून शिकवण्याची घडी बसवली. आपल्याला एवढं मोठं काम करायचं नाही. फक्त बाजाराचा वार सांभाळायचा आहे.

गावानं काय करावं

पहिलं काम शाळा व्यवस्थापन समितीचं. या समितीत पाऊण हिस्सा पालकांचा आणि निम्म्या महिला असाव्यात असं कायदा म्हणतो. तिची बैठक महिन्याला व्हायची असते. ती चहा-बिस्किटावर आणि सह्यांवर संपवू नका. पुढच्या बैठकीत एकच कागद मागा: गेल्या महिन्यात वारनिहाय हजेरी किती? कोणता वार पडका आहे ते दहा मिनिटांत कळेल.

दुसरं, ‘अभ्यासक्रम किती झाला?’ हा प्रश्न सोडा. ‘या आठवड्यात पोरांनी काय केलं आणि त्यातलं कुणाला आलं नाही?’ हे विचारा. दोन पोरांना समोर बसवून चार ओळी वाचायला लावा. दरडावू नका, नुसतं ऐका.

तिसरं काम सरपंचांचं आणि ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो त्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांचं. शाळेच्या वेळेत शाळेच्या खोलीत शिबिरं आणि बैठका भरवू नका. चावडी आहे, देवळाचा सभामंडप आहे. गुरुजींकडून माहिती हवी असेल तर शाळा सुटल्यावर मागा.

चौथं, बाजाराच्या वारी बाजारच वर्गात आणा. त्या दिवशी नवा धडा न घेता वजन-मापं, भाव, सुटे पैसे यांचा सराव ठेवा, असं गुरुजींशी बोलून ठरवता येतं. पुष्कळ शाळांत पोरांचा आनंद बाजार भरतो, तो वर्षातून एकदाच कशाला? आणि शनिवारी गावातली जाणती माणसं वर्गात गेली तर कुणाला नको आहे? तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद अशी दोरी पटांगणात धरली की एक गुंठा होतो. असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. हे पोरांना तुमच्याइतकं चांगलं कोण दाखवणार? सुतारानं माप दाखवावं, आजीनं कहाणी सांगावी, आणि पोरांनी ती दोन ओळींत लिहावी.

पाचवं, दिवाळीनंतर कारखान्यावर ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचा विचार आधीच करा. त्यांचे आठवडे एकेक करून मोडत नाहीत, सगळे एकदम जातात. पोरगं आजी-आजोबांकडे राहणार असेल तर हंगामी वसतिगृहाची मागणी समितीनं गाड्या भरायच्या आधी करावी. गाड्या गेल्यावर कागद रंगवून उपयोग नाही.

आणि शेवटी तुमचं स्वतःचं. बाजाराची पाटी दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर देता येते का पाहा. धाकट्याला राखायला अंगणवाडी आहे. भजी संध्याकाळीही गोड लागतात. पुढच्या बाजाराच्या वारी सकाळी पोरानं चप्पल घातली की त्याला कुठल्या वाटेला लावता, एवढंच तुमच्या हाती आहे. पेरणीचा वाफसा चुकू देत नाही, तसा हाही चुकू देऊ नका.