सहलीच्या शिदोरीतील सुरी

ईशान्य मोसमी पाऊस ओसरून डिसेंबरअखेर हवा सुखद झाली, की चेन्नईतील कुटुंबांना शहराबाहेर पडण्याचे वेध लागतात. कोणी येलागिरीच्या डोंगरावर दोन रात्री काढण्याचा बेत करते, तर कोणी जव्वादूच्या टेकड्यांकडे वळते. तंबू, अंथरूण-पांघरूण, विजेरी, स्टोव्ह, औषधांची पेटी यांची यादी आठवडाभर आधी तयार होते. सुरीची आठवण मात्र बहुधा निघण्याच्या दिवशी होते. मग स्वयंपाकघरातील एखादी सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत टाकली जाते. नाहीतर घरातील उत्साही तरुण काळ्या रंगाचे, पाठीला करवतीसारखे दाते असलेले, लढाईत शोभावे असे पाते विकत घेऊन येतो. पहिल्या प्रकारात पिशवीत हात घालणाऱ्याचे बोट कापते आणि दुसऱ्यात पैसे वाया जाऊन वर कायद्याची कटकट मागे लागू शकते. म्हणून सुरीचा विचार थोडा आधी आणि थोडा शांतपणे केलेला बरा.

सुरीकडून कोणते काम घ्यावयाचे, हे प्रथम ठरवावे. मुक्कामाच्या जागी भाजी व फळे चिरणे, दोरी तोडणे, पिशव्या उघडणे, तंबूच्या लाकडी खुंटीला टोक काढणे आणि वाळक्या काटकीच्या ढलप्या काढणे, एवढीच कामे बहुधा असतात. घरी यांतील पहिले काम विळी करते. तमिळ घरांत तिलाच अरुवामणै म्हणतात. परंतु विळी पाठीवरच्या पिशवीतून नेण्याची वस्तू नव्हे. तिची जागा एका साध्या, न मिटणाऱ्या पात्याच्या सुरीने घ्यावयाची असते.

हत्यार आणि अवजार यांतील भेद ज्यांना डोळ्यांनी पाहावयाचा असेल, त्यांनी एग्मोर येथील शासकीय संग्रहालयात अवश्य जावे. तंजावरच्या शस्त्रागारातील शस्त्रे तेथे आहेत. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावरला स्थापिलेली भोसल्यांची गादी १८५५ पर्यंत होती, त्यामुळे मराठी माणसाला त्या शस्त्रांविषयी विशेष आपुलकी वाटते. तेथील कट्यारी कारागिरीचे उत्कृष्ट नमुने आहेत. कट्यारीची मूठ आडवी असते. मूठ आवळली की पाते सरळ पुढे येते आणि हाताचे सारे बळ टोकाशी एकवटते. भोसकण्यासाठी याहून योग्य रचना क्वचितच आढळेल. मात्र त्याच कट्यारीने कांदा चिरू म्हटले, तर मनगटच वळत नाही. प्रत्येक पात्याचा आकार त्याच्या कामातून जन्मतो. शस्त्राची ऐट असलेली सुरी शिधा कापण्याच्या कामी येत नाही, ती याच कारणाने.

आता आकाराविषयी. कुटुंबाच्या सहलीसाठी पात्याची लांबी चार इंचांच्या आसपास आणि पाठीकडील जाडी तीन मिलिमीटरच्या जवळपास असावी. याहून जाड पाते टोमॅटो कापण्याऐवजी चिरडते. फार पातळ पाते लाकडात अडकून वाकते. धार एकाच बाजूला असावी, म्हणजे पाठीवर अंगठा ठेवता येतो. मिटणारा चाकू खिशात सोयीचा खरा. परंतु त्याच्या सांध्यात वाळू, पीठ, फळांचा रस जाऊन बसतो आणि खिटी सैल झाल्यास तो बोटांवर मिटण्याचा धोका असतो. न मिटणाऱ्या सुरीत ही भीती नाही आणि ती धुण्यासही सोपी. एक गोष्ट मात्र तिच्याकडून मागू नये. मरीना किनाऱ्यावरील शहाळेवाला ज्या सहजतेने नारळ सोलतो, ती करामत त्याच्या जड कोयत्याची आहे. चार इंची सुरीने शहाळे फोडावयास जाणे म्हणजे सुरी व हात दोन्ही गमावण्याची तयारी करणे होय.

खरेदीच्या वेळी पात्याइतकेच लक्ष मुठीकडे द्यावे. पात्याचे पोलाद मुठीच्या आतून शेवटापर्यंत गेलेले असले, म्हणजे सुरी सहसा दगा देत नाही. मुठीच्या कडेने पोलादाची पट्टी दिसत असेल व दोन्ही बाजूंच्या फळ्या रिव्हेटांनी पक्क्या बसविलेल्या असतील, तर हे ओळखणे सोपे. मूठ ओल्या हातातही निसटू नये आणि बोटे धारेवर घसरू नयेत म्हणून पुढे थोडा अडसर असावा. जी व्यक्ती सुरी अधिक वापरणार आहे, तिनेच ती दुकानात हातात धरून पाहावी.

पोलादाच्या बाबतीत या प्रदेशाची परंपरा मोठी आहे. दक्षिण भारतात मुशीत तयार होणारे पोलाद ‘वुट्झ’ या नावाने जगभर गाजले. त्याचे रहस्य उकलण्यासाठी १८२० च्या सुमारास मायकेल फॅरेडे याने जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या सुरी-कारागिराबरोबर प्रयोग केले होते. मात्र पोलाद जितके कठीण, तितके ते ठिसूळ होण्याचा संभव अधिक. म्हणून सुरीला कठीणपणा आणि चिवटपणा यांचा मेळ लागतो. आज बाजारात मुख्यतः दोन जाती मिळतात. साधे कर्बयुक्त पोलाद सहज धार घेते, परंतु लवकर गंजते. गावोगावचे लोहार मोटारीच्या कमानपाट्यापासून जी मजबूत पाती घडवितात, ती याच जातीची. दुसरे न गंजणारे म्हणून ओळखले जाणारे पोलाद. यात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असते व त्याचा अतिसूक्ष्म थर पात्याचे रक्षण करतो. चेन्नई, मुंबई, रत्नागिरी किंवा पणजी अशा खाऱ्या, दमट हवेच्या ठिकाणी राहणाऱ्यांनी दुसरी जात घ्यावी. नागपूर-सोलापूरकडील कोरड्या हवेत, पाते पुसून त्यावर खोबरेल तेलाचा हात फिरविण्याची सवय असेल, तर साधे पोलादही उत्तम टिकते. न गंजणारे पोलादही मिठाच्या ओलीत फार काळ राहिल्यास डागाळते, हे विसरू नये.

सुरीबरोबर घट्ट बसणारे म्यान हवेच. चामड्याचे म्यान देखणे असते, पण चामडे ओल धरून ठेवते. त्यामुळे घरी परतल्यावर सुरी त्यात ठेवू नये. समुद्राकाठच्या कुटुंबांना कडक प्लास्टिकचे, तळाशी पाणी निथळण्याचे छिद्र असलेले म्यान अधिक सोयीचे.

कायद्याची माहिती असणेही अगत्याचे आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांच्या वर्गात येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनविलेल्या मात्र त्यातून वगळल्या आहेत. अभयारण्याचा नियम याहून कडक आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शस्त्राच्या व्याख्येतच सुरीचा उल्लेख असून लेखी परवानगीवाचून शस्त्र घेऊन अभयारण्यात जाण्यास मनाई आहे. म्हणजे वेदांतंगलचे पक्षी पाहावयास जाताना भाजीची सुरीसुद्धा बरोबर नेऊ नये. फळे घरूनच चिरून न्यावीत. राष्ट्रीय उद्यानांनाही हाच नियम लागू आहे. विमानप्रवासात सुरी हातातील सामानात चालत नाही. ती गुंडाळून सोपविण्याच्या सामानात ठेवावी.

शेवटी मुलांविषयी. ॲनी बेझंट यांनी १९१६ मध्ये याच शहरात भारतीय मुलांसाठी बालवीर संघटना उभारली. बालवीरांच्या शिक्षणात सुरी लपविली जात नाही. ती वापरावयास शिकविली जाते. घरीही तेच धोरण ठेवावे. मुलाने बसून काम करावे. हात लांब करून फिरविल्यास जेवढे वर्तुळ होते, तेवढ्यात दुसरे कोणी नसावे. कापताना धार नेहमी शरीरापासून दूर जावी. सुरी देताना मूठ समोरच्याकडे करावी. काम संपताच ती म्यानात जावी. उभे झाड तोडू नये, पडलेली काटकीच घ्यावी. सुरी बोथट ठेवली म्हणजे ती निर्धोक होते, ही समजूत खोटी आहे. बोथट पात्यावर जोर द्यावा लागतो आणि जोर दिलेला हातच घसरतो. म्हणून निघण्यापूर्वी निसण्यावर धार लावून घ्यावी. तरीही बोट कापलेच, तर जखम स्वच्छ पाण्याने धुऊन, कापडाने दाबून धरून रक्त थांबवावे आणि धनुर्वाताच्या लसीविषयी डॉक्टरांना विचारावे.

सहलीहून परतल्यावर तंबू वाळत घालतो, तशीच सुरीही धुऊन, पुसून, कोरडी करून ठेवावी. हे काम त्या सहलीत सुरी वापरावयास शिकलेल्या मुलाकडेच सोपवावे.