नवा शोध की जुनी जोडणी?

अभिक्रिया पूर्ण झाली की नाही हे पाहण्यासाठी रसायन कारखान्यात नमुना काढून प्रयोगशाळेत पाठविण्याची रीत जुनी आहे. अहवाल येईपर्यंत पात्रातील माल बरेचदा पुढे सरकलेला असतो. अवरक्त वर्णपटमापनाने ही अडचण पुष्कळशी दूर केली. रासायनिक बंध ठराविक तरंगांचा अवरक्त प्रकाश शोषतात; कार्बोनिल गटाची खूण दर सेंटिमीटरला सुमारे १७०० तरंगांच्या आसपास उमटते. ती वाढली वा मावळली, की अभिक्रिया कोठवर आली हे तत्काळ कळते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये अशा मापनाला उत्तेजन देणारी मार्गदर्शिकाही काढली.

प्रश्न असा, की ज्ञात शोधनी ज्ञात अभिक्रियेत बुडविली, तर त्याला पेटंट द्यावे काय? सामान्य कौशल्याच्या तज्ज्ञाला जे उघड दिसते त्यास पेटंट नाही, हे अमेरिकेच्या १९५२ च्या कायद्याचे सूत्र. २००७ मध्ये केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स या मोटारीच्या पेडलसंबंधीच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ते अधिक कडक केले. ज्ञात घटकांच्या जोडणीतून अपेक्षित तेच फळ मिळत असेल, तर ती जोडणी बहुधा उघडच ठरते.

परंतु रसायनशास्त्र म्हणजे पेडल नव्हे. पाणी स्वतःच अवरक्त प्रकाश जोराने शोषते, दोन पदार्थांच्या खुणा एकमेकींवर चढतात, शोधनीवर घन थर बसतो. या अडथळ्यांतून काढलेली वाट उत्तर हाती आल्यावर सोपी भासते. ही पश्चातबुद्धी टाळण्यासाठीच १९६६ च्या ग्रॅहम खटल्यात इतरांचे अपयश आणि दीर्घकाळची गरज यांनाही पुराव्यात स्थान मिळाले.

दोन्हीकडे धोका आहे. पेटंट स्वस्त झाले, तर केवळ मोजण्याच्या पद्धतीवर २० वर्षांची मक्तेदारी बसेल आणि लहान उत्पादक भरडला जाईल. ते दुर्मीळ झाले, तर कंपन्या पद्धत उघड न करता कारखान्याच्या भिंतीआड दडवतील. आपल्या कायद्याचे कलम २(१)(जेए) तांत्रिक प्रगती वा आर्थिक महत्त्व मागते आणि शिवाय तज्ज्ञाला ती बाब उघड नसावी असेही म्हणते. म्हणून तारापूर-महाडच्या उद्योजकांनाही हा वाद परका नाही.

निवाडा एका प्रश्नावर व्हावा: अर्जदाराने केवळ शोधनी बुडविली, की तज्ज्ञ जेथे अडला असता तेथून वाट काढली? पहिल्याला शाबासकी पुरे. पेटंटचा मान दुसऱ्याचा.