वकील पहिल्या सहीच्या आधी पोहोचावा

प्रति,
मा. सदस्य सचिव,
महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरण, मुंबई

विषय : शाळेतील शिस्तीच्या प्रकरणांत पोलीस ठाणे व बाल न्याय मंडळापर्यंत जाणाऱ्या विद्यार्थ्यांना वेळीच मोफत वकील मिळणेबाबत.

महोदय,

मधल्या सुट्टीत दोन मुलांची जुंपते, एकाचे डोके फुटते. दुसऱ्याच्या आईला कामावरून तातडीने बोलावले जाते. मुख्याध्यापकांच्या टेबलावर अर्ज तयार असतो : ‘पाल्याचा दाखला स्वखुशीने काढून नेत आहे.’ ती सही करते. तक्रार झालेली असेल, तर ठाण्यात आणखी एका कागदावर. वकील तिला भेटतो तो थेट मंडळाच्या तारखेला. तोवर मुलाची शाळा सुटलेली असते.

खरे तर कायदा या आईच्या बाजूचा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 प्रमाणे आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. म्हणूनच तर ‘स्वखुशी’ लिहून घ्यावी लागते. बाल न्याय आदर्श नियम 2016 मधील नियम 8 नुसार, गुन्हा अतिगंभीर नसेल आणि त्यात प्रौढ सामील नसतील, तर मुलावर एफआयआर न नोंदवता स्टेशन डायरीत नोंद करायची असते. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे कलम 12 घरची मिळकत न पाहता प्रत्येक बालकाला मोफत वकील देते. त्या टेबलाशी हे सांगणारे कोणी नसते.

कर्नाटकातील बीदरला 2020 मध्ये शाळेतल्या नाटकावरून गणवेशातील पोलिसांनी लहान मुलांची चौकशी केली. तिथल्या उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले, पण पुढच्या वर्षी, चौकशी होऊन गेल्यावर.

अमेरिकेत टेक्सासमध्ये वर्गात गोंधळ घातला म्हणून पोलीस मुलांना समन्स देत. शिक्षा केवळ दंडाची, 500 डॉलरपर्यंत. त्यामुळे सरकारी खर्चाने वकील मिळत नसे. 2013 मध्ये कायदा बदलावा लागला. महाराष्ट्रात वकिलाचा हक्क आहेच, तो वेळेवर पोहोचवायचा आहे.

यासाठी प्रत्येक तालुका विधी सेवा समितीने स्वयंसेवी वकिलांची यादी करावी आणि त्यांचा प्रवासखर्च द्यावा. ही यादी व 15100 हा मदत क्रमांक शाळेच्या सूचना फलकावर आणि ठाण्यात लावावा. मूल ठाण्यात येताच वकिलाला कळवावे. पालक वकिलाशी बोलल्याखेरीज ‘स्वखुशी’चा अर्ज शाळांनी स्वीकारू नये, असे शिक्षण विभागास लिहावे. मार खाल्लेल्या मुलालाही स्वतंत्र वकील मिळावा; त्याच्या घरच्यांचा राग रास्त असतो.

जूनमध्ये शाळा भरण्यापूर्वी आदेश निघावेत, ही विनंती.

निवेदनकर्ते,
स्वयंसेवी वकील व पालक