दगड आधी टबात

गेल्या महिन्यात भोपाळच्या आमच्या बाग सेवनियातल्याच एका तरुण वाचकाचा रात्री फोन आला. "काका, लाइव्ह रॉकवर काचेसारखं एक सुंदर झाड उगवलंय. ठेवू की उपटू?" मी म्हटलं, हात लावू नकोस, येतो. दोन गल्ल्या पलीकडे त्याचं घर. त्याच्या समुद्री मत्स्यटाकीजवळ बसलो. दगडाच्या खाचेत सुमारे दीड सेंटिमीटरचं तपकिरी देठ, वर पातळ, टोकदार शुंडकांचा झुबका. काचेवर बोटाची सावली पाडली तसं ते क्षणात खाचेत गडप झालं. ऐप्टेशिया! आणि खाली मोहरीच्या दाण्याएवढी आणखी चार. आठवड्यापूर्वी असंच एक त्याने टूथपिकने खरवडून काढलं होतं, ते आता पाचपट होऊन परतलं होतं.

त्या मुलाला दोष देत नाही. माझ्या पहिल्या टाकीत मीही चाकू चालवला होता. ऐप्टेशिया हे समुद्रफूल आहे. त्याच्या बुडाचा कण जरी दगडाला चिकटून राहिला, तरी त्यातून नवा जीव उभा राहतो. खरवडणं म्हणजे त्याची लावणी करणं. माझ्या टाकीत तीन महिन्यांत काचेपर्यंत झुबके आले आणि त्यांच्या शेजारचे झोअँथिड पॉलिप एकेक करून मिटत गेले.

या अंकात उपद्रवी जीवांवर दोन सविस्तर लेख आहेत, म्हणून इथे औषधांची जंत्री देत नाही. मला बोलायचं आहे ते त्याआधीच्या चार आठवड्यांबद्दल. यातला जवळजवळ प्रत्येक उपद्रव आपण स्वतः लाइव्ह रॉकसोबत, म्हणजे समुद्रातून जिवांसकट आलेल्या दगडासोबत, टाकीत उतरवतो. दगड थेट टाकीत टाकू नये, आधी वेगळ्या टबात ठेवावा, हे आपल्याला ठाऊकही असतं. तरी टाकतो.

का टाकतो, याचं उत्तर भोपाळमध्ये बसून जास्त स्पष्ट दिसतं. किनाऱ्यावरचा माणूस निदान स्वच्छ समुद्राचं पाणी आणण्याचा विचार तरी करू शकतो. आपल्याला प्रत्येक लिटर आरओच्या पाण्यात ३५ ग्रॅम मीठ कालवून तयार करावा लागतो. ६० लिटरचा टब म्हणजे दोन किलोंहून जास्त रीफ सॉल्ट, आणि ते पाणी अमोनिया चढला की फेकायचं, पुन्हा तेवढंच कालवायचं. देखभालीच्या फेऱ्या करणारा मुलगा किंवा छोटा दुकानदार हा खर्च कुठून काढणार? ग्राहकाला तर त्याच दिवशी टाकी सजलेली हवी असते.

यावर मी काही वर्षं वापरत असलेला तोडगा साधा आहे. दर आठवड्याला मुख्य टाकीतून पाणी बदलताना जे पाणी नाल्यात जातं, ते टबात घ्या. त्यातला नायट्रेट दगडाला बाधत नाही. क्षारता तीच, तापमान तेच, मीठ आधीच विकत घेतलेलं. एक जुना पॉवरहेड, हीटर आणि झाकण, एवढीच भर. पाणी टाकीकडून टबाकडे जाईल. टबाकडून टाकीकडे थेंबही येता कामा नये. जाळी, चिमटा, पाइप, सगळं टबाचं वेगळं, ओळखू येईल अशा रंगाचं. मे महिन्यात मात्र टब गच्चीवर किंवा पत्र्याखाली ठेवू नका. पारा चाळिशी ओलांडतो आणि टबातलं सगळंच शिजतं.

लांबच्या प्रवासात ओल्या कागदात गुंडाळून आलेल्या दगडावरचे स्पंज आणि किडे वाटेतच मरू लागलेले असतात. ते सडणं संपून अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत दगड बाहेर ठेवावाच लागतो. तोच वेळ पाहणीसाठी वापरायचा. पहिले दोन आठवडे अंधार, म्हणजे शेवाळ खंगतं. नंतर दिवा लावायचा, कारण ऐप्टेशिया उजेडात नीट उघडतं. रात्री लाल टॉर्च घेऊन बसायचं. कोलंबीचा नखाएवढा तुकडा दोऱ्याला बांधून दगडापाशी सोडला की कोण कोण घरात आहे ते कळतं.

तेव्हा घाई करू नका. गुलाबी-तपकिरी ब्रिसल वर्म दिसला की बहुतेक जण चिमटा उचलतात. सामान्य ब्रिसल वर्म टाकीतला सफाई कामगार आहे. तो फार वाढला असेल तर तुम्ही जास्त खाऊ घालताय, एवढाच त्याचा अर्थ. उघड्या हाताने मात्र धरू नका, त्याचे केस बोटात रुततात. रात्री टक्-टक् आवाज आला की मॅन्टिस श्रिम्पची आवई उठते. तो पिस्टल श्रिम्पही असू शकतो, आणि तो बिचारा कोणाच्या वाटेला जात नाही. एक नांगी दुसरीपेक्षा अवाढव्य मोठी दिसली तर पिस्टल. देठांवरचे डोळे गरागरा फिरवत कोणी बिळातून पाहत असेल तर मॅन्टिस. मग तेवढा दगड बाहेर काढून बिळात थोडा सोडा वॉटर सोडा, तो बाहेर येतो.

ऐप्टेशियासाठी मला अजूनही चुना भरवशाचा वाटतो. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दाट पेस्ट सिरिंजमध्ये भरा, पंप बंद करा, हातमोजे घाला आणि ते मिटायच्या आत त्याच्या तोंडावर हळूच सोडा. पानाच्या टपरीवरचा चुना नको, त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही. एका दिवशी तीन-चारच, नाहीतर टाकीचा पीएच उसळतो. पेपरमिंट श्रिम्प आणणार असाल तर पाठ निरखून घ्या. त्या नावाखाली आपल्या बाजारात अनेकदा कुबडी कॅमल श्रिम्प विकली जाते आणि ती प्रवाळच कुरतडते.

दगड उकळू नका, हे मात्र हात जोडून सांगतो. कंटाळलेला माणूस शेवटी पातेलं चढवतो. त्या दगडावर पॅलिथोआ हा झोअँथिड असेल तर त्यातलं पॅलिटॉक्सिन हे विष वाफेवाटे घरभर पसरतं. उकळायचीही गरज नाही: २०१८ मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमध्ये घरातली टाकी साफ करताना असं विष पसरून अख्खं कुटुंब आणि मदतीला धावलेले कर्मचारी रुग्णालयात गेले. बाग सेवनियात आमच्या दाराशी एम्स आहे, पण तेवढ्यावर कोणी बेफिकीर राहू नये. असा दगड कामातून काढायचा तर हातमोजे आणि चष्मा घालून, मोकळ्या हवेत, बादलीत बुडवून ब्लीच करा.

आता दगड मुळात येतो कुठून, याबद्दल. सगळे कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि मेलेला तुकडाही त्यातून सुटत नाही. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी २०२० मध्ये वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या मोजक्या प्रवाळ वसाहती हलवायच्या होत्या, तर महापालिकेलाही वन विभागाची परवानगी घ्यावी लागली. मग "मन्नारच्या आखातातला खास माल" म्हणून गोणीत येणारा दगड कोणत्या परवानगीने येतो? या मासिकात यापुढे उगम न सांगणाऱ्या दगडाची जाहिरात छापणार नाही. जाहिरातदारांना तसं कळवलं आहे. दोघांनी जागा सोडली, त्याचं वाईट वाटतं, पण निर्णय कायम आहे.

अशा दगडाऐवजी सिरॅमिक किंवा कोरड्या दगडावर बाटलीतले जीवाणू सोडून सुरुवात केली तर टाकी रुळायला काही महिने जास्त लागतात. पहिल्या दिवसांत तपकिरी डायटमचा थर चढतो, ग्राहक कुरकुरतो. त्याला आधीच सांगून ठेवा. आणि कोरडा दगड घेतला म्हणून टबाला सुट्टी नाही: झोअँथिडच्या प्रत्येक फ्रॅगखाली, म्हणजे विकत आणलेल्या तुकड्याखाली, एक चकती असते, आणि ऐप्टेशियाला तेवढी जागा पुरते.

त्या तरुणाचे पाचही जीव दोन बैठकांत चुन्याखाली गेले. नंतर एका रविवारी पुन्हा पाहिलं तर दगडाच्या मागच्या बाजूला, जिथे दिवा पोहोचत नाही, तिथे सहावं होतं. आता तो दगड माझ्या टबात आहे, आज त्याचा एकोणिसावा दिवस.